पान तेच, संगणक दुसरा

(छपाईच्या फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या ऑपरेटर, मुद्रक व प्रकाशकांसाठी लिहिलेल्या हस्तपुस्तिकेची प्रस्तावना)

मराठी प्रकाशकाच्या कपाटात सीडींचा एक गठ्ठा हमखास सापडतो. वर मार्कर पेनाने पुस्तकाचे नाव, खाली ‘फायनल’, एखाद्या सीडीवर ‘फायनल नवीन’. पुस्तकाच्या प्रती संपतात, मागणी येत राहते, पुढची आवृत्ती काढायचे ठरते आणि ती सीडी बाहेर निघते. ज्या संगणकावर ती पाने लावली होती तो केव्हाच भंगारात गेलेला असतो. पेजमेकर नव्या विंडोजवर धड चालत नाही. ज्या डोंगलशिवाय फॉन्टचे सॉफ्टवेअर सुरूच होत नसे तो डोंगल सापडत नाही आणि सापडलाच तर नव्या संगणकाला तो लावण्याजोगे पोर्ट नसते. एवढे सगळे जमवून फाइल उघडली, तरी पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि अवतरणचिन्हे यांचा गिचमिडा उमटतो.

मग बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक वाट धरली जाते. जुन्या छापील प्रतीची पाने स्कॅन करून तीच छापतात. त्यात पहिल्या आवृत्तीतल्या चुका जशाच्या तशा राहतात आणि अक्षरांच्या कडा फुगतात. नाहीतर सगळे पुस्तक नव्याने टाइप करून घेतात. त्यात जुन्या चुका जातात, नव्या येतात, आणि लेखक हयात नसेल तर त्या पकडणारे कोणी उरत नाही. वास्तविक त्या सीडीतला मजकूर शाबूत असतो. प्रूफरीडरने तपासलेला, लेखकाने शेवटचा हात फिरवलेला तोच मजकूर. तो दुसऱ्या संगणकाला कळेल अशा रूपात आणणे हे काम कष्टाचे आहे, पण होण्यासारखे आहे, आणि त्याची रीत या पुस्तकात सांगितली आहे. प्रस्तावनेत मला त्या रीतीमागचे कारण मांडायचे आहे. छपाईच्या फाइलीत नेमके काय असते, जागा बदलताना त्यातले काय गळते आणि मराठीच्या वाट्याला ही गळती इतकी जास्त का येते, हे एकदा कळले की पुढची प्रकरणे पाठ करावी लागत नाहीत.

छपाईची फाइल म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला दिलेल्या सूचना. १९८०च्या आसपास या सूचनांची भाषा कंपनीगणिक निराळी होती. एका अक्षरजुळणी यंत्रासाठी केलेले काम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नसे. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर तर अक्षरांचे क्रमांकसुद्धा वेगळे होते. इंग्रजी कॅपिटल ‘ए’ तिथे १९३ या आकड्याने साठवला जाई, इतरत्र बहुतेक ठिकाणी ६५ने. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२मध्ये ॲडोबी कंपनी काढली आणि १९८४मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आणली. तिच्यात पानाचे वर्णन यंत्राच्या ठिपक्यांत न करता मापांत केले जाते. एका इंचाचे ७२ भाग धरायचे. ए-फोर कागद साधारण ५९५ बाय ८४२ भागांचा. अक्षर कुठे बसवायचे, रेघ किती जाड काढायची हे या मापात सांगायचे आणि ठिपके किती पाडायचे ते ज्या त्या यंत्राने ठरवायचे. १९८५मध्ये आलेल्या ॲपलच्या लेझररायटरवर जे पान इंचाला ३०० ठिपक्यांनी निघे, तेच लिनोट्रॉनिक ३०० या फिल्म काढणाऱ्या यंत्रावर २५४० ठिपक्यांनी निघू लागले. फाइलीत काही बदलावे लागत नव्हते. त्याच वर्षी आल्डस कंपनीचा पेजमेकर आला. टेबलावरच्या संगणकावर पान लावून छापखान्याच्या दर्जाची फिल्म काढता येऊ लागली ती या जुळणीमुळे, आणि गावोगावी डीटीपीच्या पाट्या लागल्या त्याही तिच्यामुळेच.

पोस्टस्क्रिप्टने यंत्रायंत्रांतला अडसर बराचसा काढला. एक अट मात्र राहिली. पानावर वापरलेला फॉन्ट फाइलीच्या आत असला पाहिजे किंवा पलीकडच्या यंत्रात असला पाहिजे. दोन्हीकडे नसेल तर यंत्र त्याच्याजवळचा कुरियर फॉन्ट लावून मोकळे होते. इंग्रजी पुस्तकाचे यात रूप बिघडते, पण मजकूर वाचता येतो. मराठी पुस्तकाचे काहीच हाती लागत नाही.

असे का, हे समजण्यासाठी आपले फॉन्ट कसे तयार झाले ते पाहावे लागते. तेव्हाच्या सॉफ्टवेअरला एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे ठाऊक होती. त्यांतही काही घरे राखीव. एका घरात एक आकृती, आणि आकृत्या डावीकडून उजवीकडे एकापुढे एक मांडत जायच्या, एवढेच पेजमेकरला येत असे. वेलांटी व्यंजनाच्या मागे उच्चारायची पण पुढे काढायची, ‘र’ आधी बोलायचा पण रफार शेवटी वर बसवायचा, ही समज त्याला नव्हती. पुण्याच्या सी-डॅकमधल्या मंडळींनी आणि त्याआधी आयआयटी कानपूरमध्ये ज्यांनी या कामाचा पाया घातला त्यांनी उच्चारानुसार अक्षरे साठवण्याची पद्धत बसवली होती. इस्की म्हणून ओळखली जाणारी ती पद्धत १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून जाहीरही झाली. पण पान लावण्याचे परदेशी सॉफ्टवेअर तिला ओळखत नव्हते. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे भरले: इथे अर्धा ‘ष’, तिथे काना, पलीकडे रफार. पेजमेकरला वाटे की तो इंग्रजी मांडतो आहे आणि कागदावर मराठी उमटत असे.

या मार्गाला आज नावे ठेवणारे मला भेटतात. मला ते पटत नाही. त्या वेळी हा मार्ग कोणी काढला नसता, तर मराठी छपाई आणखी दहा-पंधरा वर्षे खिळ्यांत आणि फोटोटाइपसेटिंगच्या महागड्या यंत्रांत अडकून पडली असती. तालुक्याच्या गावी एका खोलीत डीटीपी सेंटर काढून स्मरणिका, कवितासंग्रह, दिवाळी अंक लावणाऱ्या हजारो हातांना काम मिळाले ते या फॉन्टांमुळे. अडचण एवढीच झाली की कोणता तुकडा कोणत्या घरात ठेवायचा याचा एक नियम ठरला नाही. श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, कृतिदेवची वेगळी, आयएसएममधल्या योगेश-सुरेखची वेगळी. फॉन्टचे नाव हरवले की मजकुराचा अर्थही हरवला.

उदाहरणादाखल ‘वार्षिक’ हा शब्द घेऊ. कृतिदेवमध्ये तो सात खुणांनी बनतो: व, काना, वेलांटी, अर्धा ष, पुन्हा काना, रफार, क. दुसरा काना इथे अर्ध्या ‘ष’ला दंड देऊन पुरा करतो, पहिला ‘व’ला ‘वा’ करतो. दोन्हींसाठी कळ एकच, साठवलेला आकडाही एकच. आता युनिकोडमध्ये हाच शब्द पाहा: व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क. इथेही सातच खुणा, पण क्रम पार बदललेला. रफार सहाव्या जागी होता, तो ‘र’ आणि हलन्त होऊन ‘ष’च्या आधी आला. वेलांटी ‘ष’च्या आधी होती, ती नंतर गेली. एक काना तर नाहीसाच झाला. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला हे सगळे कळावे लागते. रफार किती मागे न्यायचा, मध्ये जोडाक्षर असेल तर त्याच्याही मागे न्यायचा का, हा काना खरा की दंड, अनुस्वार वेलांटीच्या आधी टाइप केला आहे की नंतर. जुन्या फॉन्टमध्ये अनुस्वार आणि दीर्घ वेलांटी कोणत्याही क्रमाने टाइप केली तरी कागदावर सारखीच दिसे, त्यामुळे ऑपरेटर आपापल्या सवयीने टाइप करत. युनिकोडमध्ये उलटा क्रम आला की बहुतेक ठिकाणी मध्येच ठिपक्यांचे एक वर्तुळ उभे राहते. ते दिसते, म्हणून सुधारता येते.

न दिसणाऱ्या चुकांची मला जास्त काळजी वाटते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द पाहा. पहिला डोंगरातला, दुसरा समुद्र. ‘आचाऱ्यांना’ जेवणाचे सांगायचे आणि ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा. डोक्यावरचा रफार आणि मधला आडवा अर्धा ‘र’ यांतला हा भेद मराठीत महत्त्वाचा आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही. म्हणूनच हिंदीसाठी तयार केलेल्या कित्येक रूपांतरकांत या आडव्या ‘र’कडे कोणी पाहिलेलेच नसते. सगळीकडे रफार येतो, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते आणि तपासणाऱ्याची नजर वेगात असेल तर शब्द निसटतो. त्यातून हा आडवा ‘र’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत ‘र’खाली टिंब असलेले वेगळे अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि पुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एका पुस्तकात दोन्ही तऱ्हा मिसळल्या की शोध अर्धाच लागतो, शब्दसूची अर्धीच तयार होते. आणि मजकूर स्वच्छ करणारी काही साधने न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकतात, तेव्हा दुसऱ्या तऱ्हेच्या सगळ्या दऱ्या एका फटक्यात दर्या होतात. या पुस्तकातल्या तपासणीच्या यादीत हा मुद्दा अगदी वर ठेवला आहे.

मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी हे आणखी एक दुखणे. जुन्या फाइलीत मराठी आणि इंग्रजी यांचे आकडे तेच असतात. फरक फक्त फॉन्टच्या नावात. मजकूर नुसता कॉपी करून साध्या टेक्स्ट फाइलीत चिकटवला की फॉन्टचे नाव गळून पडते, आणि मग रूपांतरक इंग्रजी शब्दांचेही मराठी करून ठेवतो. शास्त्राच्या पुस्तकांत, कायद्याच्या पुस्तकांत, संदर्भसूची असलेल्या प्रबंधांत हे महागात पडते. म्हणून फॉन्टचे नाव टिकवणाऱ्या रूपातूनच, म्हणजे आरटीएफसारख्या फाइलीतूनच, रूपांतर करावे.

मॅक आणि विंडोज यांच्यातला व्यवहार हा याच कथेचा दुसरा भाग. जाहिरातीच्या आणि मासिकांच्या कामात मॅक, पुस्तकांच्या कामात विंडोज अशी आपल्याकडे ढोबळ वाटणी होती आणि फाइली सतत इकडून तिकडे जात. २५६ घरांपैकी पहिली १२८ दोन्हीकडे सारखी. वरची १२८ वेगळी. फ्रेंचमध्ये लागणारा, डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ई’ जुन्या मॅकवर १४२व्या घरात, विंडोजवर २३३व्या. मराठी फॉन्टांत या वरच्या घरांत जोडाक्षरे आणि दुर्मीळ तुकडे भरलेले असत. त्यामुळे पान उघडले की साधी अक्षरे बरोबर दिसत आणि ‘द्ध’, ‘ह्म’, ‘श्र’ असल्या जागी भलतेच काहीतरी येई. जुन्या मॅकचे फॉन्ट विंडोजच्या डिस्कवर कॉपी केले की त्यांचा महत्त्वाचा भाग मागेच राहत असे आणि फाइलीचा आकार शून्य दिसे. असे फॉन्ट आज परत मिळवायचे तर मूळ मॅकची डिस्कच शोधावी लागते. शिवाय पोस्टस्क्रिप्टच्या काळातले टाइप-वन फॉन्ट ॲडोबीने जानेवारी २०२३पासून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये चालवणे बंद केले आहे, तेव्हा ते फॉन्ट हाती असूनही नव्या इनडिझाइनमध्ये उपयोगाचे नाहीत.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१मध्ये आली. तिच्या फाइली इनडिझाइन सीएस-सिक्सपर्यंत थेट उघडता येत. पुढच्या आवृत्त्यांत ती सोय नाही. त्यामुळे जुना एक संगणक आणि त्यावरचे जुने सॉफ्टवेअर जपून ठेवणे ही हौस समजू नये. आजच्या रूपांतराच्या कामात ती पहिली गरज आहे. इनडिझाइनमध्ये मजकूर आणल्यावर आणखी एक गोष्ट तपासावी: परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला आहे ना. तो नसेल तर युनिकोड मजकूर अगदी निर्दोष असूनही वेलांट्या चुकीच्या जागी बसतात, जोडाक्षरे फुटतात, आणि बिचारा ऑपरेटर दोष फॉन्टमध्ये शोधत बसतो. भाषा मराठी निवडली, तर ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे मिळतात. ही वळणे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने निश्चित केली. पाठ्यपुस्तकाचे काम करणाऱ्यांनी तरी हे विसरू नये.

अक्षरे बरोबर आली तरी पाने तशीच राहत नाहीत. नव्या फॉन्टची रुंदी जुन्याइतकी नसते. ओळ फुटते, परिच्छेद एका ओळीने वाढतो, प्रकरणाच्या शेवटी दोनच ओळी नव्या पानावर जातात. २४० पानांचे पुस्तक, सोळा पानांचे बरोबर पंधरा फर्मे, ते २४३ पानांवर गेले की सोळावा फर्मा लावावा लागतो आणि त्यातली तेरा पाने कोरी राहतात. अनुक्रमणिका, सूची, ‘पाहा पृष्ठ अमुक’ अशा सगळ्या जागा पुन्हा भराव्या लागतात. इथे मुद्रक, प्रकाशक आणि ऑपरेटर यांनी आधीच बसून ठरवावे: जुनी पाने ओळीनिशी राखायची आहेत, की मजकूर नव्याने वाहू द्यायचा आहे. ज्ञानकोश, कायद्याचे ग्रंथ, ज्यांचे पृष्ठक्रमांक इतर पुस्तकांत उद्‌धृत झालेले आहेत असे संशोधनग्रंथ यांची पाने राखावीत. कथा-कादंबऱ्यांत मजकूर वाहू द्यायला हरकत नाही. कवितासंग्रहात प्रत्येक ओळ कवीने तोडलेली असते. तिथे फॉन्टचा आकार कमी करावा पण ओळ मोडू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आज छापखान्याकडे जाणारी फाइल बहुधा पीडीएफ असते. १९९३मध्ये आलेली ही पद्धत पोस्टस्क्रिप्टच्या अनुभवावर उभी आहे आणि २००८पासून ती आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिच्यात फॉन्ट आत बांधून देता येतो. मुद्रकांसाठी तिचे पीडीएफ-एक्स हे कडक रूप आहे. त्यातल्या एक्स-वन-एमध्ये फॉन्ट आत असलेच पाहिजेत आणि रंग छपाईचेच असले पाहिजेत असे बंधन आहे. मराठी कामाला हे बंधन फार उपकारक ठरते. वर्डमधून थेट काढलेल्या पीडीएफमध्ये काळा मजकूर पडद्याच्या तीन रंगांत लिहिलेला असतो. छपाईच्या रंगांत आणताना तो चारही शायांचा होतो. चार प्लेटांपैकी एक केसभर जरी सरकली तरी शिरोरेषेच्या खाली निळी किंवा गुलाबी सावली धरते. इंग्रजी अक्षरांत ती चटकन जाणवत नाही. आपल्याकडे शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ असल्यामुळे सगळे पान भुरकट दिसते. मजकूर एकट्या काळ्या शाईत आहे याची खात्री प्लेट काढण्याआधी करून घ्यावी. कागदाचे मापही पाहावे. वर्डची फाइल पुष्कळदा अमेरिकी लेटर मापावर असते, आणि ‘कागदाला बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर ए-फोरवर छापताना पान ९७ टक्क्यांवर येते. मोजपट्टी लावल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

आता या पुस्तकाचे मुख्य म्हणणे. पीडीएफ पानाचे रूप राखते, मजकूर राखतेच असे नाही. जुन्या फॉन्टातल्या पीडीएफमधून ‘वार्षिक’ कॉपी केला तर हाती येतात ती इंग्रजी अक्षरे. युनिकोड फॉन्टातून काढलेल्या पीडीएफमध्येही जोडाक्षरे आणि वेलांट्या कॉपी करताना अनेकदा उलटसुलट होतात, कारण आत साठवलेल्या असतात त्या आकृत्या, त्यांच्या दिसण्याच्या क्रमाने. छापायला ती फाइल उत्तम असते. पुढची आवृत्ती काढायला, ई-पुस्तक करायला, दृष्टिहीन वाचकाला संगणकाकडून वाचून घ्यायला, एखाद्या शब्दाचा शोध घ्यायला ती अपुरी पडते. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या जपाव्या लागतात: छापखान्याला दिलेली पीडीएफ आणि तपासलेला युनिकोड मजकूर. शेवटच्या प्रूफातल्या दुरुस्त्या पानावर केल्या जातात आणि मजकुराच्या फाइलीत करायच्या राहतात. आपल्या प्रकाशनव्यवहारातली ही सर्वांत मोठी गळती आहे. छपाईला हुकूम दिल्यावर त्याच दिवशी पान लावलेल्या फाइलीतून मजकूर परत बाहेर काढून ठेवावा आणि त्या कामाचा मोबदला ऑपरेटरला वेगळा द्यावा. हे काम त्याच्या चहाच्या वेळेत फुकट व्हावे अशी अपेक्षा ठेवली की ते होत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

ही माहिती आजवर कुठे लिहून ठेवलेली नव्हती असे नाही, पण ती विखुरलेली होती आणि बरीचशी इंग्रजीत होती. मराठी पान लावणाऱ्याला लागणारे ज्ञान त्याच्या हातांत आणि डोळ्यांत होते. कोणत्या फॉन्टमध्ये ‘ज्ञ’ कुठल्या कळीवर आहे, कोणत्या रूपांतरकात ‘ऱ्ह’ फसतो, हे तोंडी सांगितले जाई. ही माणसे आता निवृत्त होत आहेत. पुढच्या प्रकरणांतले तक्ते त्यांच्याकडून समजून घेऊन, छापील पानांशी ताडून केलेले आहेत.

ज्यांच्याकडे जुन्या सीडी आहेत त्यांनी पुस्तक वाचून होण्याची वाट पाहू नये. सीडीवरचा थर वर्षानुवर्षे खराब होत जातो. आधी सगळ्या फाइली फोल्डरांसह, नावे न बदलता हार्ड डिस्कवर उतरवाव्यात. फॉन्टचे फोल्डर वेगळे दिसले तर ते अनावश्यक समजून वगळू नये. प्रत्येक पुस्तकाची एक छापील प्रत त्या फाइलींच्या जोडीला राखून ठेवावी, कारण रूपांतर झालेला मजकूर तपासायला तिच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. मग एक प्रकरण घ्यावे, शक्यतो जोडाक्षरे आणि इंग्रजी शब्द दोन्ही असलेले. त्याचे रूपांतर करून, कागदावर प्रूफ काढून ते छापील प्रतीशी ओळीने ओळ ताडावे. सापडलेल्या चुका रूपांतराच्या तक्त्यात दुरुस्त कराव्यात, मजकुरात नव्हे, आणि तेच प्रकरण पुन्हा चालवून पाहावे. ते निर्दोष उतरले की उरलेल्या पुस्तकाला हात घालावा.